कोरड्या मुलखातली पाण्याची उडी

दिवाळीला घरात नातवंडे जमली, की म्हाताऱ्या माणसाची परीक्षा सुरू होते. फराळाच्या ताटाभोवती बसून ही मंडळी असे काही प्रश्न विचारतात, की उभा जन्म शाळेत घालवलेल्या मास्तराच्याही घशात चकली अडकावी. मागच्या दिवाळीत असेच झाले. पुण्याहून आलेला माझा नातू वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक मैदानी स्पर्धांचे जुने निकाल वाचत बसला होता. त्याने एकदम मान वर केली आणि विचारले, "आजोबा, हातोडाफेक म्हणजे खराखुरा हातोडा फेकतात का?"

हा प्रश्न सोपा होता. मी सांगितले की, पूर्वी खराखुराच फेकत. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जत्रांतून लोहारकामाचा, लाकडी दांड्याचा घण गरगर फिरवून लांब फेकण्याची चढाओढ लागे. पुढे दांडा गेला आणि त्याच्या जागी तार आली; घण गेला आणि लोखंडी गोळा आला. आज प्रौढ पुरुषांच्या हातोड्याचे वजन ७.२६ किलो असते, वीस वर्षांखालील मुलांच्या हातोड्याचे ६ किलो. सात फूट व्यासाच्या वर्तुळात उभे राहून खेळाडू तीन-चार गिरक्या घेतो आणि मग तो गोळा सोडतो. चुकीच्या क्षणी सुटला, तर बघ्यांचा जीव जायचा, म्हणून वर्तुळाभोवती उंच जाळीचा पिंजरा उभारतात. १९००, १९०४ आणि १९०८ या तिन्ही ऑलिंपिकांत हातोड्याचे सुवर्णपदक जॉन फ्लॅनॅगन या एकाच गड्याने नेले. तो जन्माने आयरिश होता आणि न्यूयॉर्कच्या पोलिसात नोकरीला होता.

नातू खूष झाला. त्याने पुढचा निकाल वाचून दाखवला. २०१२ साली बार्सिलोना येथे कताराच्या अश्रफ एल्सेफी या सतरा वर्षांच्या मुलाने ६ किलोंचा हातोडा ८५.५७ मीटर फेकून त्या वयोगटाचा जागतिक विक्रम केला होता. "सतरा वर्षांचा!" नातू म्हणाला, आणि मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. "आजोबा, आपल्या बीडच्या पोराचं नाव का नाही यात?"

वाचकहो, या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. फराळाचे ताट पुढे सरकवले आणि म्हणालो, "आधी करंजी संपव." परंतु प्रश्न काही गेला नाही. तो मला १९८६ सालात घेऊन गेला.

१९८६ हे वर्ष हातोडाफेकीच्या इतिहासात मोठे मानाचे आहे. त्याच साली स्टुटगार्टला सोव्हिएत रशियाच्या युरी सेदिखने ८६.७४ मीटरांची फेक केली आणि ती आजही जागतिक विक्रम म्हणून उभी आहे. त्याच साली अथेन्सला मुलांच्या जागतिक मैदानी स्पर्धा पहिल्यांदा भरल्या. मला मात्र तेव्हा यातले काहीही ठाऊक नव्हते. मी बालाघाटाच्या कुशीतल्या एका खेड्यात मास्तर होतो. शाळेला चार खोल्या होत्या आणि खेळाच्या साहित्यात एक फुटबॉल, दोन लेझमांचे जोड आणि एक लोखंडी गोळा. तो गोळा एरवी कचेरीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेला असे.

तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या, तेव्हा तो गोळा मी मैदानात आणला. नववीतला एक मुलगा होता. नाव सांगत नाही, कारण तो आज हयात आहे आणि नातवंडांत रमलेला आहे. अंगाने फार मोठा नव्हता, पण खांदे असे की सदऱ्याची शिवण उसवायची. त्याने गोळा उचलला, मानेला टेकवला आणि फेकला. मी चुन्याची जी शेवटची रेघ आखली होती, तिच्याही पलीकडे जाऊन तो पडला. मी दोनदा टेप लावली. तालुक्याला तो पहिला आला. जिल्ह्याच्या स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीनंतर होत्या. "तुला बीडला नेतो," असे मी त्याला म्हणालो आणि तो लाजून हसला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, आमचा कोयता सुटतोय उद्या. आईला बरं नाही. बापाच्या जोडीला मला जावं लागंल."

ज्यांनी बीड जिल्हा पाहिलेला नाही, त्यांना हे वाक्य समजावून सांगितले पाहिजे. ऊसतोडणीच्या धंद्यात कोयता हे हत्याराचे नाव आहे, तसेच ते माणसांच्या जोडीचेही नाव आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम. त्या पैशात आजारपण निघते, लग्न निघते, खते-बियाणे निघतात. मग दसरा-दिवाळी झाली, की उचल फेडण्यासाठी कोयता सुटतो. सांगली-सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर, थेट कर्नाटकापर्यंत गाड्या जातात. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी उभी राहते आणि चैत्र-वैशाखापर्यंत तेच घर. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढत ट्रकमध्ये टाकायची. जोडीतले एक माणूस आजारी पडले, तर अर्धा कोयता चालत नाही. त्या जागी पोरगा उभा राहतो.

मी काय करायला हवे होते, हे मला आज सुचते. मुकादमाकडे जाऊन बोलता आले असते. चार दिवस थांबवा, मी स्वतः पोराला फडावर आणून सोडतो, असे म्हणता आले असते. मी म्हणालो, "बरं, जपून जा." शाळा उघडली तेव्हा हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजर अशी खूण केली. उन्हाळ्यात तो परत आला, पण शाळेत आला नाही. गोळा पुन्हा कचेरीच्या दाराला लागला.

असो. मुळात हा जिल्हा असा का, हेही थोडक्यात पाहू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. उत्तरेच्या अंगाला गोदावरी वाहते, तिथली गंगथडी बरी. पण बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माती पातळ आणि पाऊस लहरी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे माझ्या पिढीने पाहिली आहेत. त्या दुष्काळातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा निघाला. याच्या नेमके उलट चित्र पलीकडे होते. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. तिकडे पाणी होते, ऊस होता आणि हात कमी होते. इकडे हात होते आणि पाणी नव्हते. दोहोंची गाठ मुकादमाने घालून दिली.

आता खेळाकडे वळू. हातोडाफेकीला वर्तुळ लागते, जाळी लागते, गिरकी शिकवणारा गुरू लागतो, अंगाला खुराक लागतो आणि मुख्य म्हणजे चौदा ते एकोणीस या वयातली वर्षे लागतात. नेमकी हीच वर्षे आमच्याकडे आधी फडात जातात आणि नंतर फौजेच्या भरतीच्या रांगेत. धावायला मात्र रस्ता पुरतो. म्हणूनच आमच्या जिल्ह्याने नातवाच्या प्रश्नाला उत्तर दिले ते हातोड्याने दिले नाही, पायांनी दिले.

आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. १३ सप्टेंबर १९९४ रोजी तिथे अविनाश मुकुंद साबळे याचा जन्म झाला. घरची गरिबी होती. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा काही किलोमीटरवर, आणि जायला वाहन नाही. पोरगा ते अंतर कधी चालत, कधी पळत तोडायचा. गंमत पाहा: बार्सिलोनाला विक्रम करणारा तो एल्सेफी फेब्रुवारी १९९५ चा. म्हणजे आमचा अविनाश त्याच्याहून पाच महिन्यांनी मोठाच. त्या जुलैत एकाच्या नावाचा जगभर डंका वाजला, आणि दुसऱ्याचे नाव गावाबाहेर कुणाला माहीत नव्हते.

बारावीनंतर अविनाश फौजेत गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत. या रेजिमेंटलाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांना सैन्यभरतीची दारे बंद केली होती. पहिल्या महायुद्धात एक पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या रेजिमेंटने अविनाशला सियाचीनचे बर्फ दाखवले, राजस्थानची वाळू दाखवली आणि सिक्कीमचे डोंगर दाखवले. २०१५ साली तो फौजेतल्या क्रॉसकंट्री शर्यतीत धावला, तेव्हा त्याला एकविसावे लागायचे होते वा नुकतेच लागले होते. मुलांच्या जागतिक स्पर्धांचे वय तोवर निघून गेले होते. मधल्या काळात त्याचे वजन वाढले, ते त्याने घाम गाळून उतरवले, आणि फौजेतले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले.

स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. आयर्लंडमध्ये १७५२ साली दोन घोडेस्वारांनी एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणे आणि ओढे ओलांडीत शर्यत लावली, अशी कथा आहे. पुढे घोड्यावाचून माणसेच पळू लागली. ओढ्याची आठवण म्हणून मैदानात पाण्याचा खड्डा ठेवला गेला. अंतर ३००० मीटर. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी, म्हणजे एकूण ३५ उड्या. पुरुषांच्या शर्यतीतला अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, म्हणजे बरोबर तीन फूट. साध्या हर्डलसारखा तो धक्क्याने पडत नाही. पडायचे असेल तर माणसानेच. पाण्याचा खड्डा अडथळ्याशी खोल आणि पुढे चढत चढत उथळ. ज्याची उडी लांब, त्याचे पाय कमी भिजतात.

या शर्यतीच्या इतिहासात गमतीही आहेत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फेऱ्या मोजणारा पंच गफलत करून बसला आणि धावपटूंना एक फेरी जास्त पळावी लागली. फिनलंडचा इसो-होलो पहिला होता तो पहिलाच राहिला; पण दुसऱ्या क्रमांकावरच्या अमेरिकन मॅक्लस्कीला त्या फुकटच्या फेरीत इंग्लंडच्या इव्हेन्सनने गाठले आणि रुपेरी पदक गेले. शर्यत पुन्हा घ्यायची का, असे विचारले असता मॅक्लस्कीने नको म्हटले. पुढे १९६८ पासून केनियाचे राज्य सुरू झाले. १९७६ आणि १९८० साली केनियाने ऑलिंपिकवर बहिष्कार घातला, तेवढे सोडले तर २०१६ पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकचे सुवर्णपदक केनियाच्याच घरी गेले.

आपल्याकडे १९५२ साली हेलसिंकीला गुलझारासिंग मान ही शर्यत धावले; त्याच ऑलिंपिकमध्ये आमच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे मराठी माणसाला सांगायला नकोच. फौजेतले सुभेदार पानसिंग तोमर कित्येक वर्षे राष्ट्रीय विजेते होते आणि १९५८ च्या टोकियो आशियाई खेळांत धावले. निवृत्तीनंतर जमिनीच्या भांडणात न्याय मिळाला नाही, म्हणून तो माणूस चंबळच्या खोऱ्यात बंदूक घेऊन उतरला आणि १ ऑक्टोबर १९८१ रोजी पोलिसांच्या गोळीने गेला. त्याच १९८१ साली टोकियोला गोपाल सैनी यांनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो विक्रम ३७ वर्षे टिकला. २०१८ साली भुवनेश्वरला तो मोडला, आणि मोडणारा होता मांडव्याचा अविनाश साबळे. वेळ ८ मिनिटे २९.८० सेकंद.

त्याच्या आधी एका मराठी मुलीने ही वाट दाखवली होती, तिचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. धावण्याच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषा हिच्यानंतरची ती पहिली भारतीय स्त्री. मध्ये ३२ वर्षे गेली होती. माण काय आणि आष्टी काय, दोन्ही तालुके कायमचे टँकरवाले. ज्या मुलखात पावसाळ्यातही ओढ्याला पाणी येईल याची खात्री नाही, त्याच मुलखातल्या लेकरांनी पाण्यावरून उडी मारण्याच्या शर्यतीत नाव काढावे, याला काय म्हणावे!

अविनाशची पुढची कहाणी म्हणजे स्वतःचाच विक्रम पुनःपुन्हा मोडण्याची कहाणी आहे. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत पुढचा धावपटू पडला आणि याची वाट अडली. भारताने तक्रार केली, ती मान्य झाली आणि अंतिम फेरीत त्याला जागा मिळाली. तिथे त्याने ८:२१.३७ अशी वेळ देऊन टोकियो ऑलिंपिकचे दार उघडले. गुलझारासिंगांनंतर पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये भारताचे नाव ऑलिंपिकला पुन्हा लागले ते असे. टोकियोत तो ८:१८.१२ धावला, राष्ट्रीय विक्रम केला, तरी प्राथमिक फेरीतच राहिला.

मग उजाडला ६ ऑगस्ट २०२२ चा दिवस. बर्मिंगहॅमचे राष्ट्रकुल खेळ. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल खेळांत या शर्यतीची अठराच्या अठरा पदके केनियाने नेली होती. दुसऱ्या कुणाला कांस्यसुद्धा मिळाले नव्हते. शेवटच्या फेरीत आमचा गडी एकेका केनियनाला मागे टाकीत आला आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावला. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंदांचा फरक! त्या वेगाने हिशेब केला तर अंतर फूटभर. साडेसात फेऱ्या, पस्तीस उड्या, आणि शेवटी फूटभर जमीन कमी पडली. रुपेरी पदक मिळाले, तरी आमच्याकडे त्या संध्याकाळी सोने मिळाल्यासारखे फटाके वाजले.

सोनेही आले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोउ येथील आशियाई खेळांत त्याने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि शेवटपर्यंत मागे वळून पाहण्याखेरीज दुसरे काम ठेवले नाही. ८:१९.५० ही त्या खेळांतील विक्रमी वेळ होती आणि आशियाई खेळांत या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. पानसिंग तोमर गेले त्या तारखेला बरोबर बेचाळीस वर्षे झाली होती. तारखांच्या योगायोगावर माझा फारसा विश्वास नाही, पण हा योगायोग मी वहीत लिहून ठेवला आहे. २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८:०९.९१ आणि त्यानंतर तिथल्याच ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. तो अकरावा आला, पण तिथवर पोचलेला पहिला भारतीय पुरुष तोच. २०२५ साली कोरियातल्या गुमी येथे आशियाई अजिंक्यपद त्याने जिंकले. हांगझोउत तसेच गुमीत राष्ट्रगीत ऐकताना कोण उभे असते, हे आमच्या जिल्ह्यातल्या शाळांतली पोरे आता न शिकवता सांगतात.

ही सारी हकीकत मी नातवाला लक्ष्मीपूजनाच्या रात्री सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे अविनाशला एकविसाव्या वर्षी संधी मिळाली. आणि ज्यांना मिळाली नाही ते?"

मास्तरकीत एक गोष्ट शिकलो आहे: मुलगा खरा प्रश्न विचारतो तेव्हा करंजी पुढे करू नये. एकदा केली होती, पुन्हा नको. मी त्याला १९८६ च्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. हजेरीपटातली खूणही सांगितली. एका अविनाशच्या पदकाने आपण सारे आनंदलो, ते योग्यच झाले. परंतु त्या पदकाचा आधार घेऊन, "पाहा, जिद्द असली की गरिबी आड येत नाही," असे जे भाषणांतून म्हटले जाते, ते मला पटत नाही. त्या गोळा फेकणाऱ्या पोराला जिद्द कमी नव्हती. त्याच्या आईला बरे असते, किंवा त्याच्या मास्तराने चार पावले मुकादमाच्या दारापर्यंत टाकली असती, तर तो निदान बीडचे मैदान पाहून आला असता. पुढे काय झाले असते, ते कोणी सांगावे? कदाचित काहीच नाही. पण मैदान तरी पाहिले असते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे रस्त्यावर फिरायला गेलो. कोयते सुटायला लागले होते. ट्रक आणि ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते. वर भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या आणि गोधडीत गुंडाळलेली पोरे. एका ट्रॉलीच्या कडेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा होता. माझ्या नातवाने हात हलवला, त्यानेही हलवला. गाडी वळणाआड गेल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, त्याच्या शाळेत गोळा असेल का?"

घरी आल्यावर मी जवळच्या शाळेच्या गुरुजींना फोन लावला. ते माझेच जुने विद्यार्थी. म्हणालो, "यंदा तालुक्याला कोण पहिलं आलं, आणि त्यातले कितीजण गाडीत बसले, तेवढं मला सांगा. मुकादमांशी मी बोलतो." ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, यादी तयार ठेवतो. तुम्ही याच."